कॉन्फिगरेशन फाइलींचे व्यवस्थापन

कॉन्फिगरेशन फाइलींचे व्यवस्थापन म्हणजे एखादे संगणकीय उपयोजन (ॲप्लिकेशन) निरनिराळ्या यंत्रांवर आणि निरनिराळ्या परिवेशांत चालवताना बदलणाऱ्या त्याच्या सेटिंगची मांडणी, नोंद, तपासणी व वितरण करण्याची पद्धत होय. विदागाराचा (डेटाबेसचा) पत्ता, पासवर्ड, फाइली साठवण्याची जागा, भाषा, कालविभाग, तारीख लिहिण्याची रीत अशा बाबी यंत्रागणिक वेगळ्या असू शकतात. त्या मूळ आज्ञावलीत न लिहिता स्वतंत्र फाइलीत लिहिल्या, तर तीच आज्ञावली कोणताही बदल न करता अनेक ठिकाणी चालवता येते. या स्वतंत्र फाइलीस कॉन्फिगरेशन फाइल असे म्हणतात.

आज्ञावलीतील दोष चाचणीत सापडण्याची शक्यता असते. कॉन्फिगरेशनमधील दोष मात्र पुष्कळदा चाचणीच्या यंत्रावर दिसतच नाही, कारण चाचणीच्या यंत्राचे कॉन्फिगरेशन निराळे असते. म्हणूनच कॉन्फिगरेशन हा आज्ञावलीइतकाच काळजीपूर्वक जपण्याचा भाग मानला जातो.

संज्ञा

कॉन्फिगरेशन या शब्दासाठी मराठीत संरूपण, विन्यास, मांडणी असे शब्द सुचवले गेले आहेत. व्यवहारात मात्र 'कॉन्फिगरेशन' व 'सेटिंग' हेच शब्द रूढ आहेत. या लेखात 'सेटिंग' हा शब्द एका सुट्या बाबीसाठी आणि 'कॉन्फिगरेशन' हा शब्द अशा सर्व बाबींच्या समूहासाठी वापरला आहे. प्रत्येक सेटिंगला एक नाव व एक मूल्य असते. उपयोजन ज्या परिस्थितीत चालते तिला परिवेश म्हणतात. फाइलींची व सेटिंगची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलींत ती रोमन लिपीत लिहितात.

गरज

करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावातील एखाद्या शाळेचे उदाहरण घेऊ. शाळा सोडल्याचा दाखला छापणारी एक आज्ञावली शाळेसाठी तयार केली आहे, असे समजा. ती तीन ठिकाणी चालते : आज्ञावली लिहिणाऱ्या व्यक्तीच्या लॅपटॉपवर, शाळेच्या कार्यालयातील लिपिकाच्या संगणकावर आणि मुंबईतील एखाद्या विदाकेंद्रातील (डेटा सेंटरमधील) सर्व्हरवर. लॅपटॉपवरील विदागारात खोटी, केवळ चाचणीसाठी भरलेली नावे असतात. सर्व्हरवरील विदागारात खऱ्या विद्यार्थ्यांची नोंद असते. लिपिकाच्या संगणकाला छपाईयंत्र जोडलेले असते, सर्व्हरला ते नसते.

विदागाराचा पत्ता आज्ञावलीच्या आतच लिहून ठेवला, तर प्रत्येक ठिकाणी नेताना आज्ञावली उघडून तो बदलावा लागतो. असा बदल करायचा एकदा राहून गेला की चाचणीसाठी चालवलेली आज्ञावली खऱ्या नोंदींवर चालते. चाचणीत 'सर्व नोंदी पुसा' अशी पायरी असेल, तर खऱ्या नोंदी पुसल्या जातात. दाखल्यावरील जन्मतारीख पुढे अनेक ठिकाणी पुरावा म्हणून दाखवली जाते. त्यामुळे अशी चूक शाळेपुरती न राहता विद्यार्थ्याला अनेक वर्षे निस्तरावी लागते.

पत्ता वेगळ्या फाइलीत असेल, तर तिन्ही ठिकाणी आज्ञावली अक्षरशः एकच राहते आणि बदलते ती केवळ एक लहान फाइल. चूक झाल्यास ती कोठे शोधायची हेही निश्चित असते.

इतिहास

युनिक्स या कार्यप्रणालीत यंत्राची सेटिंग साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवण्याची प्रथा सुरुवातीपासून आहे. या फाइली 'ईटीसी' नावाच्या निर्देशिकेत असतात व त्या कोणत्याही मजकूर-संपादकात वाचता येतात. १९७९ मध्ये आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत परिवेश-चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) ही सोय आली. तिच्यामुळे आज्ञावली सुरू करतानाच तिला बाहेरून मूल्ये देणे शक्य झाले.

मायक्रोसॉफ्ट विंडोजच्या आरंभीच्या आवृत्त्यांत सेटिंगसाठी 'आयएनआय' प्रकारच्या फाइली वापरत. पुढे त्या मोठ्या प्रमाणावर 'रजिस्ट्री' नावाच्या एकाच मध्यवर्ती साठ्यात नेण्यात आल्या. त्यामुळे सेटिंग एकत्र आली. परंतु एका उपयोजनाची सेटिंग उचलून दुसऱ्या यंत्रावर नेणे पूर्वीइतके सोपे राहिले नाही.

यंत्रांची संख्या वाढली तशी प्रत्येक यंत्रावर जाऊन हाताने फाइल बदलणे अशक्य झाले. १९९३ मध्ये ऑस्लो येथे मार्क बर्जेस यांनी 'सीएफइंजिन' ही साधनप्रणाली तयार केली. यंत्र कोणत्या स्थितीत असावे याचे वर्णन एकदाच लिहायचे आणि यंत्राने स्वतःला त्या स्थितीत आणायचे, हे तिचे तत्त्व होते. पुढे 'पपेट' (२००५), 'शेफ' (२००९) आणि 'अँसिबल' (२०१२) ही साधने याच वाटेने आली. २००५ मध्येच लिनस टोरवाल्ड्स यांनी 'गिट' ही आवृत्ती-नियंत्रण प्रणाली निर्माण केली. तिच्यामुळे फाइलीतील प्रत्येक बदल कोणी, केव्हा व कशासाठी केला याची नोंद ठेवणे सर्वसामान्य झाले.

२०११ मध्ये हेरोकू या कंपनीतील अभियंत्यांनी 'ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप' या नावाने उपयोजनरचनेची बारा तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांपैकी तिसरे तत्त्व कॉन्फिगरेशनविषयी आहे : परिवेशागणिक बदलणारी मूल्ये आज्ञावलीपासून पूर्णपणे वेगळी ठेवावीत. त्यात दिलेली कसोटी सोपी आहे. एकही पासवर्ड उघड न होता संपूर्ण आज्ञावली याच क्षणी जगासमोर ठेवता आली पाहिजे.

परिवेश

मोठ्या उपयोजनाचे सामान्यतः चार परिवेश असतात.

१. विकसन परिवेश : आज्ञावली लिहिणाऱ्याचे स्वतःचे यंत्र. येथे चुका अपेक्षित असतात.
२. चाचणी परिवेश : खोट्या नोंदींवर आज्ञावली तपासण्याची जागा.
३. पूर्वतयारी परिवेश : प्रत्यक्ष वापराच्या परिवेशाची शक्य तितकी हुबेहूब प्रतिकृती. शेवटची तपासणी येथे होते.
४. प्रत्यक्ष वापराचा परिवेश : येथे खरे लोक उपयोजन वापरतात व खऱ्या नोंदी असतात.

या परिवेशांतील फरक जितका कमी, तितकी चाचणी विश्वसनीय. फरक मुळीच नको, असे मात्र म्हणता येत नाही. विदागार, पासवर्ड आणि बाहेर जाणारे संदेश हे वेगळे असलेच पाहिजेत. नाहीतर चाचणीच्या वेळी खऱ्या पालकांना खोटे संदेश जातील. कोणता फरक हेतुपूर्वक ठेवला आहे आणि कोणता नकळत पडला आहे, हे सांगता येणे हाच कॉन्फिगरेशन व्यवस्थापनाचा गाभा आहे.

मूल्यांचा अग्रक्रम

एकच सेटिंग अनेक ठिकाणी लिहिलेली असू शकते. अशा वेळी कोणते मूल्य ग्राह्य धरावे याचा क्रम ठरलेला असतो. बहुतेक प्रणालींत तो पुढीलप्रमाणे असतो. खालचे मूल्य वरच्या मूल्यावर मात करते.

१. आज्ञावलीतच दिलेले मूळ मूल्य
२. सर्व परिवेशांसाठी समान असलेली फाइल
३. विशिष्ट परिवेशाची फाइल
४. विशिष्ट यंत्राची फाइल
५. परिवेश-चल
६. आज्ञावली सुरू करताना आज्ञेसोबत दिलेले मूल्य

व्याकरणाच्या अभ्यासकांना हा क्रम परिचित वाटेल. उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम आणि अपवाद म्हणजे विशेष नियम. जेथे अपवाद लागू होतो तेथे उत्सर्ग मागे सरतो. कॉन्फिगरेशनमध्येही सामान्य मूल्य एकदाच लिहून केवळ अपवाद वेगळे नोंदवले, तर फाइली आटोपशीर राहतात. प्रत्येक यंत्रासाठी संपूर्ण फाइलीची नक्कल केली, तर एका बदलासाठी सर्व नकला शोधाव्या लागतात आणि एखादी हमखास सुटते.

उदाहरण : मराठी विकिपीडिया

१ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया हे या विषयाचे जवळचे आणि सर्वांना पाहता येण्याजोगे उदाहरण आहे. विकिपीडिया 'मीडियाविकी' या मुक्त आज्ञावलीवर चालतो. ही आज्ञावली कोणीही आपल्या महाविद्यालयात किंवा ग्रंथालयात बसवू शकतो. बसवताना 'लोकलसेटिंग्ज' नावाची एक फाइल तयार होते. संकेतस्थळाचे नाव, भाषा, विदागाराचा पत्ता व पासवर्ड ही मूल्ये तीत असतात. मीडियाविकीची आवृत्ती बदलली तरी ही फाइल तशीच पुढे नेता येते, कारण ती आज्ञावलीचा नव्हे, तर त्या विशिष्ट स्थापनेचा भाग असते.

विकिमीडिया प्रतिष्ठानासमोरचा प्रश्न याहून मोठा आहे. तीनशेहून अधिक भाषांतील विकिपीडिया, तसेच विक्शनरी, विकिस्रोत इत्यादी प्रकल्प एकाच आज्ञावलीवर आणि त्याच सर्व्हरसमूहावर चालतात. प्रत्येक विकीसाठी निराळी फाइल ठेवल्यास शेकडो फाइली सांभाळाव्या लागल्या असत्या. त्याऐवजी सेटिंगच्या नावाखाली आधी सर्वसाधारण मूल्य आणि त्यानंतर अपवाद असणाऱ्या विकींची मूल्ये लिहिली जातात. प्रत्येक विकी त्याच्या विदागाराच्या नावाने ओळखला जातो. मराठी विकिपीडियाचे नाव 'एमआरविकी' असे आहे. मराठी विकिपीडियावरील 'दालन' हे नामविश्व अशाच एका अपवादात्मक सेटिंगमुळे अस्तित्वात आहे. याउलट 'चर्चा', 'सदस्य', 'साचा' व 'वर्ग' ही नावे मीडियाविकीच्या मराठी भाषा-फाइलीतून येतात, त्यामुळे मराठीत बसवलेल्या कोणत्याही मीडियाविकीवर ती दिसतात. भाषांतर सर्वांसाठी समान असते, कॉन्फिगरेशन स्थानपरत्वे बदलते. हा भेद येथे स्पष्ट दिसतो.

सेटिंग बदलण्याची रीतही ठरलेली आहे. प्रथम त्या विकीच्या समाजात चर्चा होऊन सहमती व्हावी लागते. मराठी विकिपीडियावर अशा चर्चेची जागा 'चावडी' ही आहे. त्यानंतर 'फॅब्रिकेटर' या कार्यनोंद-संकेतस्थळावर विनंती नोंदवली जाते. कोणी स्वयंसेवक वा कर्मचारी बदल लिहितो आणि दुसरी व्यक्ती 'गेरिट' या प्रणालीत तो तपासते. मग ठरलेल्या वेळेत तो आधी चाचणीच्या सर्व्हरवर आणि सर्व ठीक दिसल्यास सर्वत्र लागू होतो. या फाइली व त्यांचा संपूर्ण बदल-इतिहास सार्वजनिक आहे. पासवर्ड मात्र वेगळ्या, खासगी फाइलीत असतात. चाचणीसाठी असलेल्या स्वतंत्र सर्व्हरसमूहाची फाइलही वेगळी आहे.

विकिमीडियाची दोन मुख्य विदाकेंद्रे अमेरिकेत, व्हर्जिनिया व टेक्सास या राज्यांत आहेत. २०१६ पासून ठरावीक काळाने सर्व काम एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात हलवण्याचा सराव केला जातो. त्या वेळी काही मिनिटे संपादन बंद राहील अशी सूचना सदस्यांना आधीच दाखवली जाते. दुसऱ्या केंद्राचे कॉन्फिगरेशन पहिल्याशी खरोखर जुळते की नाही, हे संकट येण्यापूर्वी कळावे हा या सरावाचा एक लाभ आहे.

भारतीय व मराठी वापरातील विशेष बाबी

कालविभाग

अनेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. अर्ज भरण्याची मुदत ३१ जुलैच्या मध्यरात्री संपते असे आज्ञावलीत लिहिले आणि सर्व्हरचा कालविभाग जागतिक प्रमाणवेळेचा राहिला, तर मुदत प्रत्यक्षात १ ऑगस्टच्या पहाटे साडेपाच वाजता संपते. त्याचप्रमाणे १ ऑगस्टला पहाटे दोन वाजता झालेल्या नोंदीवर ३१ जुलै ही तारीख पडते. कालविभाग लिहिताना 'आयएसटी' हे लघुरूप टाळतात, कारण ते भारताप्रमाणेच इस्रायल व आयर्लंड यांच्या वेळेसाठीही वापरले जाते. त्याऐवजी 'एशिया/कोलकाता' हे पूर्ण नाव लिहितात. जुन्या यंत्रांवर त्याच विभागाचे 'एशिया/कलकत्ता' हे नाव आढळते.

तारीख

०५/०६/२०१० ही तारीख भारतीय रीतीने ५ जून, तर अमेरिकी रीतीने ६ मे होते. यंत्राची प्रादेशिक सेटिंग अमेरिकी राहून गेली असेल, तर तीच आज्ञावली एका संगणकावर एक आणि दुसऱ्या संगणकावर दुसरी जन्मतारीख नोंदवू शकते. २५/०६/२०१० अशी तारीख मात्र अमेरिकी रीतीत बसत नसल्याने तेथे चूक लगेच उघड होते. म्हणजे महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांत जन्मलेल्यांच्याच नोंदी निमूटपणे बिघडतात. यासाठी साठवणुकीत वर्ष, महिना, दिवस हा आंतरराष्ट्रीय प्रमाणक्रम वापरावा आणि दाखवताना भारतीय क्रम घ्यावा, अशी शिफारस केली जाते.

अंक

निरनिराळ्या भाषांच्या प्रादेशिक रीती नोंदवणाऱ्या 'सीएलडीआर' या युनिकोडच्या विदासंचात मराठीसाठी देवनागरी अंक हे मूळ मूल्य आहे. त्यामुळे यंत्राची भाषा मराठी ठेवल्यास काही आज्ञावल्या संख्या देवनागरी अंकांत लिहितात. वाचकासाठी हे योग्यच आहे. परंतु हीच संख्या कॉन्फिगरेशन फाइलीत गेली तर अडचण होते. 'जेसन' या फाइल-प्रकाराच्या नियमांत देवनागरी अंकांना संख्या म्हणून स्थान नाही. हा दोष इंग्रजी भाषेत लावलेल्या यंत्रावर दिसत नाही. माणसाने वाचायची संख्या आणि यंत्राने वाचायची संख्या यांचे नियम आज्ञावलीत वेगवेगळे ठेवणे हा त्यावरील उपाय आहे.

शून्याने सुरू होणारे संकेतांक

'यॅमल' या लोकप्रिय फाइल-प्रकाराच्या १.१ या आवृत्तीत शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची समजली जाते. सोलापूरचा दूरध्वनी संकेतांक ०२१७ अवतरणचिन्हांशिवाय लिहिला तर तो १४३ असा वाचला जातो, आणि पुण्याचा ०२० हा १६ होतो. २००९ मधील १.२ या आवृत्तीत हा नियम बदलला. तरीही जुन्या नियमाने वाचणाऱ्या आज्ञावल्या वापरात आहेत. ज्या संख्यांची बेरीज-वजाबाकी करायची नसते, त्या अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून लिहाव्यात.

लिपी व फाँट

युनिकोडपूर्व काळातील मराठी फाँटमध्ये टंकित केलेला मजकूर यंत्राच्या दृष्टीने रोमन चिन्हांचाच असतो. तो फाँट नसलेल्या यंत्रावर संस्थेचे नाव निरर्थक अक्षरांत दिसते. म्हणून कॉन्फिगरेशनमधील मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा आणि फाइल 'यूटीएफ-८' या संकेतनात साठवलेली असावी.

कार्यप्रणालींमधील फरक

विंडोज व लिनक्स यांत ओळीचा शेवट दर्शवण्याची रीत वेगळी आहे. निर्देशिकांची नावे जोडताना वापरायची तिरकी रेघही विरुद्ध दिशेची आहे. लिनक्समध्ये रोमन लहान व मोठी अक्षरे भिन्न मानली जातात, विंडोजमध्ये सामान्यतः तसे नसते. त्यामुळे विंडोजवर सापडणारी फाइल लिनक्स सर्व्हरवर 'सापडत नाही' असा संदेश येऊ शकतो.

गोपनीय मूल्ये

पासवर्ड व सेवांच्या गुप्त किल्ल्या याही सेटिंगच असतात. पण त्या इतर सेटिंगसोबत ठेवू नयेत हा सर्वमान्य नियम आहे. आवृत्ती-नियंत्रणात एकदा गेलेला पासवर्ड नंतर पुसला तरी जुन्या आवृत्तीत शिल्लक राहतो. अशा वेळी फाइल दुरुस्त करणे पुरेसे नसते, पासवर्डच बदलावा लागतो. २०१६ मध्ये उबर या कंपनीच्या अभियंत्यांनी वापरलेल्या खासगी संग्रहात घुसखोरांना अशी किल्ली सापडली आणि जगभरातील सुमारे ५ कोटी ७० लाख वापरकर्त्यांची माहिती त्यांच्या हाती गेली.

गोपनीय मूल्यांसाठी स्वतंत्र तिजोरीसारख्या प्रणाली वापरतात. लहान उपयोजनांत ती परिवेश-चलांतून किंवा संग्रहाबाहेर ठेवलेल्या फाइलीतून देतात. सोबत 'नमुना' म्हणून एक फाइल संग्रहात ठेवतात. तीत सर्व सेटिंगची नावे असतात, गुप्त मूल्ये मात्र रिकामी असतात. नवीन व्यक्तीला काय काय भरायचे आहे हे त्यावरून कळते.

कॉन्फिगरेशनशी संबंधित घटना

नाइट कॅपिटल (१ ऑगस्ट २०१२)

अमेरिकेतील या शेअर दलाली कंपनीने आपल्या आठ सर्व्हरवर नवी आज्ञावली बसवली. त्यांपैकी एक राहून गेला. नव्या आज्ञावलीने एका जुन्या, वापरात नसलेल्या सूचक-चिन्हाला नवा अर्थ दिला होता. राहिलेल्या सर्व्हरने त्याच चिन्हाचा जुना अर्थ घेतला आणि अनावश्यक खरेदी-विक्री सुरू केली. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४४ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला.

गिटलॅब (३१ जानेवारी २०१७)

दुय्यम सर्व्हरवर काम करत आहोत अशा समजुतीने एका अभियंत्याने मुख्य सर्व्हरवरील विदागार पुसले. सुमारे सहा तासांतील नोंदी कायमच्या गेल्या. त्यानंतर कंपनीने जे उपाय ठरवले, त्यांत आज्ञा लिहिण्याच्या पटलावर कोणते यंत्र व कोणता परिवेश आहे हे ठळकपणे दाखवण्याचाही समावेश होता.

राष्ट्रीय शेअर बाजार, मुंबई (२४ फेब्रुवारी २०२१)

या दिवशी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी बाजारातील व्यवहार थांबले. ते दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी पुन्हा सुरू झाले आणि बाजाराची वेळ ५ वाजेपर्यंत वाढवावी लागली. दूरसंचार जोडण्यांत बिघाड झाल्यावर पर्यायी व्यवस्थेने काम सांभाळणे अपेक्षित होते. बाजाराने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, साठवण-यंत्रणेत पुरवठादाराने केलेली मांडणी बाजाराच्या रचनात्मक अपेक्षांशी जुळत नव्हती. पर्यायी व्यवस्था असणे आणि तिचे कॉन्फिगरेशन अपेक्षेप्रमाणे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या घटनेतून दिसते.

क्राउडस्ट्राइक (१९ जुलै २०२४)

या संगणक-सुरक्षा कंपनीने आज्ञावली न बदलता तिच्या आधारे चालणारी एक कॉन्फिगरेशन फाइल जगभर एकाच वेळी पाठवली. तीतील दोषामुळे विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली. भारतातील विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कॉन्फिगरेशनमधील बदल टप्प्याटप्प्याने, आधी थोड्या यंत्रांवर लागू करावा, ही शिफारस या घटनेनंतर अधिक ठळक झाली.

लहान संस्थांसाठी कार्यपद्धती

वर उल्लेखिलेल्या मोठ्या साधनांची शाळा, ग्रंथालये, पतसंस्था यांना सहसा गरज नसते. पुढील साध्या नियमांनी बहुतेक अडचणी टळतात.

१. बदलणारी मूल्ये आज्ञावलीबाहेर एका फाइलीत ठेवावीत.
२. प्रत्येक सेटिंगच्या वर ती कशासाठी आहे याची मराठीत एक ओळ लिहावी, जेथे फाइल-प्रकार तशी मुभा देतो तेथे. 'जेसन'मध्ये अशी टीप लिहिता येत नाही. तेव्हा वेगळी माहिती-फाइल ठेवावी.
३. आज्ञावली सुरू होताच तिने सर्व आवश्यक सेटिंग तपासाव्यात. एखादी नसेल तर अंदाजाने मूल्य न घेता स्पष्ट संदेश देऊन थांबावे.
४. पडद्यावर परिवेशाचे नाव दिसावे. प्रत्यक्ष वापराच्या परिवेशाला वेगळा रंग द्यावा.
५. नोंदी पुसणारी आज्ञा प्रत्यक्ष वापराच्या परिवेशात मुळीच चालू नये, अशी अट आज्ञावलीतच घालावी.
६. प्रत्येक बदलाची तारीख, कारण व बदल करणाऱ्याचे नाव नोंदवावे. गिट वापरणे शक्य नसेल, तर कार्यालयातील साधी नोंदवहीही उपयोगी पडते.
७. संग्रहातील फाइल व यंत्रावरील प्रत्यक्ष फाइल यांची अधूनमधून तुलना करावी. घाईच्या वेळी यंत्रावर थेट केलेली दुरुस्ती संग्रहात नोंदवायची राहून जाते. असे होत राहिल्यास दोहोंत हळूहळू तफावत पडते, आणि पुढच्या वितरणात ती दुरुस्ती नाहीशी होते.
८. यंत्र बदलण्याची वेळ येण्यापूर्वीच एकदा दुसऱ्या यंत्रावर सर्व काही नव्याने बसवून पाहावे.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. लहान संस्थेत पुष्कळदा एकाच व्यक्तीला सर्व सेटिंग ठाऊक असतात. ती व्यक्ती बदलीने वा निवृत्तीने गेली आणि नंतर यंत्र बंद पडले, तर नोंदींची प्रत सुरक्षित असूनही काम सुरू करता येत नाही. दाखला मागायला आलेल्या विद्यार्थ्याला त्या वेळी परत जावे लागते.

मर्यादा व मतभेद

सर्वच मूल्ये कॉन्फिगरेशनमध्ये न्यावीत काय, याविषयी एकमत नाही. कधीही न बदलणारी मूल्ये बाहेर ठेवल्यास फाइल निष्कारण फुगते आणि प्रत्येक सेटिंगबरोबर चुकीची एक नवी शक्यता वाढते. परिवेश-चलांविषयीही मतभेद आहेत. ती सर्व भाषांत व कार्यप्रणालींत चालतात हा त्यांचा गुण आहे. मात्र त्यांत केवळ साधा मजकूर ठेवता येतो, आणि बिघाडाच्या नोंदीत ती चुकून छापली गेल्यास पासवर्ड उघड होतो. स्वयंचलित वितरणाने श्रम वाचतात. परंतु योग्य मूल्याप्रमाणेच चुकीचे मूल्यही तितक्याच वेगाने सर्व यंत्रांवर पोहोचते. म्हणून स्वयंचलनाबरोबर दुसऱ्या व्यक्तीकडून तपासणी आणि मागील आवृत्तीकडे परतण्याची सोय आवश्यक मानली जाते.

हेही पाहा

मीडियाविकी
गिट
युनिकोड
भारतीय प्रमाणवेळ
विदागार
मुक्त स्रोत आज्ञावली